झहीर बुमराहपेक्षा फास्ट होता का?

नॉटिंगहॅम,
रविवार, दुपार

ति. दादा,
सा. न.

परवा फोनवर छोटूनं विचारलं, "आत्या, झहीर खान बुमराहपेक्षा फास्ट होता का गं?" आणि तू मागून ओरडलास, "तिलाच विचार, तिनं समोर बसून बघितलाय!" तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. बरंच झालं म्हणायचं. दोन मिनिटांत सांगून टाकण्यासारखी ती गोष्टच नाही. आज ड्यूटी नाही, म्हणून निवांत लिहायला बसलेय. छोटूला वाचून दाखव.

तर छोटू, नव्हता. अगदी सुरुवातीला त्याचा वेग भरपूर होता, पण मी तुला सांगणार आहे तो झहीर वेग कमी झाल्यानंतरचा.

दादा, ७ ऑक्टोबर २००० आठवतो ना? नैरोबी, समोर ऑस्ट्रेलिया, स्टीव्ह वॉ खेळतोय. झहीरनं यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा चेंडू, टाकला आणि त्याचा त्रिफळा उडाला. तू चप्पल न घालता गल्लीत पळालास, "आपल्या श्रीरामपूरचा! आपल्या श्रीरामपूरचा!" घरातलंच पोरगं बोर्डात आल्यासारखा तुझा आवाज लागला होता. त्याआधी बाहेरगावी कुणी गाव विचारलं की आपण "श्रीरामपूर, शिर्डीजवळ" असं सांगायचो. त्यानंतर "झहीर खानचं गाव" एवढं पुरायला लागलं.

वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका, शाळा मराठी. सतराव्या वर्षी मुंबईला गेला, नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईकांच्या हाताखाली. पुढे चेन्नईला, ऑस्ट्रेलियाचे जुने फास्ट बॉलर डेनिस लिली यांच्याकडे. मुंबईच्या संघात लगेच जागा मिळेना, तर बडोद्याकडून रणजी खेळला आणि तिथं अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात ५ बळी घेऊन बडोद्याला करंडक मिळवून दिला. हे सगळं तुला पाठ आहे, मी छोटूसाठी लिहितेय.

आता २३ मार्च २००३. दादा, याबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाविरुद्ध वर्ल्ड कपची फायनल, रविवार, घरात शेजारचे धरून पंधराएक माणसं. आईनं पातेलंभर चहा टाकलेला. त्या स्पर्धेत झहीरनं १८ विकेट्स काढल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की पहिल्याच ओव्हरला गिलख्रिस्ट जाणार. आणि पहिल्या ओव्हरमध्ये १५ धावा गेल्या. नो बॉल, वाइड, चेंडू कुठेही पडत होता. तू उठलास आणि ओट्यावर जाऊन बसलास. मी मागून आले तेव्हा तू तुझा लेदरचा चेंडू पँटीवर घासत होतास. एकच बाजू, परत परत. पांढऱ्या पँटीवर लाल पट्टा उमटला होता. मॅचभर तू आत आला नाहीस. ऑस्ट्रेलियाच्या ३५९ झाल्या हे मीच तुला बाहेर येऊन सांगितलं. ती पँट आईनं तीनदा साबण लावून घासली, पण पट्टा गेला नाही.

नंतर दुखापती झाल्या, झहीर संघाबाहेर गेला. गावातलीच माणसं "संपला आता" म्हणायला लागली, आणि ते ऐकून तू पारावर जायचं सोडलंस.

२००६ साली तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला आला. मीही त्याच वर्षी लग्न होऊन इकडे आले. इथं काउंटी म्हणजे चार-चार दिवसांचे सामने, आज एका गावात तर उद्या दुसऱ्या, गार वारा, प्रेक्षकांत बहुतेक सगळी म्हातारी माणसं. त्या एका मोसमात त्यानं ७८ विकेट्स काढल्या. धावत येण्याचं अंतर कमी केलं, उडी कमी केली. रोज चेंडू हातात घेऊन इथल्या हवेत तो कसा वळतो ते शिकत बसला.

मग जुलै २००७. ट्रेंट ब्रिजची भारत-इंग्लंड कसोटी, आमच्या घरापासून बसनं वीस मिनिटं. सोमवारी चौथ्या दिवसाचं तिकीट मिळालं, यांना सुट्टी नव्हती, एकटीच गेले. शेजारी एक आजोबा होते, वूस्टरचे. थर्मासमधला चहा त्यांनी मला दिला, मी त्यांना डब्यातली शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी दिली. मी झहीरच्या गावची म्हटल्यावर ते सरसावून बसले. आदल्या वर्षी त्यांनी त्याला घरच्या मैदानावर सबंध उन्हाळा बघितलं होतं. एसेक्सविरुद्ध त्यानं एका डावात ९ बळी घेतले, दहावाही मिळाला असता पण झेल सुटला, हे सांगताना त्यांचा चेहरा असा पडला जणू तो झेल कालच सुटलाय. मला एकदम तूच दिसलास, दादा.

आदल्या दिवशी झहीर बॅटिंगला आला तेव्हा इंग्लंडच्या कुणी खेळाडूंनी क्रीजवर जेली बीन्स, म्हणजे मुलं खातात त्या रंगीत गोळ्या, टाकून ठेवल्या होत्या. तो भयंकर चिडला होता, बॅट रोखून बोलला होता. मला वाटलं, आता रागानं जोर लावेल आणि परत जोहान्सबर्ग होईल. तसं झालं नाही. त्यानं जोर लावलाच नाही.

छोटू, हे नीट ऐक. डावखुरा बॉलर राउंड द विकेट, म्हणजे बॉलिंगचा हात स्टंपपासून लांब राहील अशा बाजूनं, येतो तेव्हा उजव्या बॅट्समनला चेंडू बाहेरच्या कोनातून आत शिरतो. बॅट्समनला वाटतं, हा आत येणार. झहीर तिथून तो सरळ ठेवायचा किंवा बाहेर काढायचा. चेंडू जुना झाला की त्याची एक बाजू खरबरीत होते, दुसरी आपण घासून चकचकीत ठेवतो. नवा चेंडू चकाकीच्या उलट दिशेला वळतो, जुना वेगानं टाकला तर चकाकीच्याच बाजूला. चकाकी कुठल्या बाजूला आहे हे दिसलं की चांगल्या बॅट्समनला अंदाज येतो. म्हणून झहीर धावत येताना उजव्या हातानं चेंडू झाकायचा. मी दुर्बीण नेली होती, त्यातून ते स्वच्छ दिसायचं: दोन्ही हात छातीशी, चेंडू ओंजळीत लपवलेला, आणि अगदी शेवटच्या उडीला हात सुटणार.

इंग्लंडच्या कप्तान मायकल वॉननं शतक ठोकलं होतं, १२४वर होता, हलेना. झहीरचा चेंडू त्याच्या मांडीला लागून स्टंपवर गेला. पाठोपाठ इयान बेल शून्यावर पायचीत. आजोबा काही बोलले नाहीत, नुसता माझा हात दाबला. त्या डावात त्यानं ५ बळी घेतले, पहिल्या डावातले ४ धरून ९. दुसऱ्या दिवशी आपण ७ गड्यांनी जिंकलो आणि मग मालिकाही. इंग्लंडमध्ये १९८६ नंतर पहिल्यांदा.

मी घरी येऊन तुला फोन केला आणि आपण दोघंही रडलो, ते छोटूला सांगू नकोस. नाहीतर सांगच.

२ एप्रिल २०११ला मी इथं सकाळी दहाला टीव्ही लावून बसले होते, फोन कानाला. पुन्हा वर्ल्ड कपची फायनल, या वेळी श्रीलंकेशी, पुन्हा पहिली ओव्हर झहीरची. तू म्हणालास, "मी ओट्यावर जातो." मी म्हटलं, "दादा, आत बस." ती ओव्हर निर्धाव गेली. पहिल्या पाच ओव्हरमध्ये तीन निर्धाव, सहा धावा, थरंगाची विकेट. शेवटी त्याला मार बसला, दहा ओव्हरमध्ये ६० गेल्या, पण ती पहिली ओव्हर संपल्यावर तू जो श्वास सोडलास तो मला इथं ऐकू आला.

बुमराह मोठा बॉलर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला बघताना मला पुढच्या चेंडूची भीती वाटत नाही. झहीरच्या प्रत्येक चेंडूला वाटायची, कारण तो पडलेला मी बघितला होता.

यांचे मित्र पुढच्या महिन्यात नगरला येतायत, त्यांच्याबरोबर छोटूसाठी ड्यूक्सचा चेंडू पाठवतेय. याची शिवण हातानं घातलेली असते, बोटाला नीट लागते. डावा हात वापरतो ना तो? आणि आईला सांग, पँटीवर लाल डाग पडला तर त्याला रागावू नकोस म्हणावं.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं का ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी