पूर फक्त गल्ली बदलतो

महोदय,
पूरनियंत्रणाचा निधी जाहीर झाला की सगळे रक्कम विचारतात. आधी विचारावे, आराखड्यात पाऊस कोणता धरला? 'पंचवीस वर्षांतून एकदा' म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. ३० वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत तो एकदा तरी कोसळण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते.

१० हेक्टरवर ताशी ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ६० टक्के पाणी वाहून आले, तर नाल्यात सेकंदाला १ घनमीटर येते. तीच जमीन काँक्रीट-डांबराखाली जाऊन प्रमाण ९० टक्के झाले की दीड घनमीटर. जुन्या नकाशावरून आखलेली मोरी त्यामुळे उद्‌घाटनालाच अपुरी असते.

काम नाल्याच्या मुखापासून वर सरकायला हवे. वरचा भाग आधी रुंद केला तर पाणी झपाट्याने येऊन खालच्या अरुंद मोरीपाशी तुंबते. पूर हटत नाही, फक्त गल्ली बदलतो. तरीही वरचेच टेंडर आधी निघते, कारण खालची जागा ताब्यात आलेली नसते!

बांधकामाला कर्ज, अनुदान मिळते. गाळ उपसायला सहसा नाही. तो खर्च दरवर्षीच्या महसुलावर येतो आणि काटकसरीत पहिला कापला जातो. म्हणून पर्जन्यजल शुल्क लावावे, तेही पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रफळानुसार. अख्खे आवार फरसबंद करणारा आणि अंगणात माती राखणारा, दोघांना एकच दर कशाला? जमा रक्कम मात्र स्वतंत्र खात्यातच राहावी.

– एक जलनिस्सारण अभियंता