मुद्दा जिन्याच्या कुलपाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरदारांनी व्यायामाला वेळ कसा काढावा यावर दर दोन-तीन महिन्यांनी कुठे ना कुठे लेख येतोच आणि त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं, पहाटे पाचला उठा. अहो आम्ही उठतोच पाचला! डोंबिवलीत आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं, मग डबे, मुलीची शाळा, आणि ८.०४ ची फास्ट चुकली की पुढचीत आत शिरायला मिळेल याची गॅरंटी नाही. परत यायला रात्रीचे साडेआठ. मागच्या वर्षी सोसायटीजवळच्या जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरले (एकदम भरले की डिस्काउंट होता ना) आणि गेलो मोजून अकरा दिवस. घरात तो विषय निघाला की मी पेपर तोंडासमोर धरतो.

मग ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये तीन महिन्यांची सरासरी शुगर ६.१ आली. म्हणजे डायबिटीस नाही पण दारात येऊन उभा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलं व्यायाम काय करता, मी म्हटलं वेळच नाही, तर ते म्हणाले वेगळा वेळ काढूच नका, जो वेळ खुर्चीत जातोय त्यातलाच थोडा चोरा. हे मला पटलं.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे, म्हणजे जरा दम लागेल असं चालणं वगैरे, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. आधी त्यात अट होती की सलग दहा मिनिटं केलं तरच धरायचं, ती अट २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे दोन मिनिटं जिना चढलात तर तेही जमा. ही गोष्ट पहाटे पाचवाल्या लेखांत कधी येत नाही राव.

मी काय केलं, तर सीएसएमटीला उतरून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सीने जायचो ते बंद केलं. रांगेत दहा-पंधरा मिनिटं उभं राहून टॅक्सी मिळते आणि ती पुढे सिग्नलला अडकते, त्यापेक्षा फोर्टातून ओव्हल मैदानाच्या कडेने चालत अर्ध्या तासात पोचतो. आता भुयारी मेट्रोही झालीय, तिचा मोह होतो, खोटं कशाला बोलू, काही दिवस मेट्रोनेच गेलो. पण बाकी दिवस जायचा तो अर्धा तास धरला की पाच दिवसांचे १५० तिथेच होतात.

दुसरं जेवणानंतरचं. डबा खाल्ला की लगेच खुर्चीत न बसता खाली एक चक्कर, दहा मिनिटं. स्नायू हलले की ते रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात असं डॉक्टर म्हणाले. आमचे आजोबा चाळीच्या गॅलरीत रात्री शतपावली घालायचे तेव्हा आम्ही हसायचो, आता मीच घालतो. आणि आठवड्यातून दोनदा पँट्रीत कोणी नसताना वीस उठाबशा, शाळेत शिक्षा म्हणून मारल्या त्याच!

खरी अडचण आमच्या ऑफिसांच्या सवयींची आहे. आमच्याकडे उठणं म्हणजे कामचुकारपणा. दोन मिनिटं पाय मोकळे करायला गेलो की साहेबांचा फोन, ‘जागेवर नव्हता का?’ चहा टेबलवर, फाईल टेबलवर, पाणी टेबलवर, सगळं शिपाई आणून देणार आणि जितकं पद मोठं तितकं कमी उठायचं. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये ऑफिसात जागच्या जागी करायच्या पाच मिनिटांच्या योगाचं ‘वाय-ब्रेक’ ॲप काढलं, आमच्याकडे त्याचं पोस्टर लागलं, आणि ते पोस्टर बघायलासुद्धा कोणी उठलं नाही.

यावरून लंडनच्या बसवाल्यांची गोष्ट सांगतो. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ मध्ये ते छापून आलं. एकच बस, तेच रस्ते, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा, आणि हार्ट अटॅकचं प्रमाण कंडक्टरमध्ये बरंच कमी. पुढे त्यांनीच युनिफॉर्मची मापं काढली तेव्हा दिसलं की ड्रायव्हरांची कंबर आधीपासूनच मोठी होती, म्हणजे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. पण पोस्टमन आणि पोस्टातले क्लार्क यांच्यातही तसाच फरक निघाला होता. क्लार्क म्हणजे आम्हीच की! बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये टिकटिक वाजवत वर-खाली करणारे कंडक्टर मी लहानपणापासून बघितलेत, त्या गाड्या २०२३ मध्ये गेल्या, पण तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की हा माणूस पगार घेऊन व्यायाम करतोय.

तर आता जिना, ज्यासाठी हे पत्र. आमचं ऑफिस सहाव्या मजल्यावर, १३२ पायऱ्या, मी मोजल्यात. सुरुवातीला तिसऱ्यावर थांबायचो, आता न थांबता वर जातो. लिफ्टची रांग बघता वेळही तोच लागतो. पण मागच्या दिवाळीनंतर तळमजल्यावर जिन्याच्या दाराला कुलूप लागलं, ‘सुरक्षेच्या कारणास्तव’, आणि चौथ्या मजल्यावर खोके आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात. (मोडक्या का, तर दिवसभर आम्ही बसून बसून.) अहो हाच आगीच्या वेळी उतरायचा जिना आहे. त्यासाठी २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, तरी ही तऱ्हा. आणि हे काही आमच्याच इमारतीत नाही, ट्रेनमध्ये ग्रुपमध्ये विषय काढला तर चौथ्या सीटवरच्यापासून दारात लटकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या ऑफिसात तेच. लिफ्टबाहेर ‘फिट राहा, जिने वापरा’ असा बोर्ड आणि जिन्याला कुलूप!

इमारतीच्या व्यवस्थापनाला दोन अर्ज दिले, बघतो म्हणाले. मग वॉचमनकडून रजिस्टरमध्ये सही करून चावी घ्यायची अशी सोय काढली. मागच्या आठवड्यात बघतो तर दाराशी अकाउंट्सच्या दोन बायका आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक काका माझी वाट बघत उभे, चावी तुमच्या नावावर आहे ना म्हणाले. म्हणजे चढायची तयारी लोकांची आहे. महापालिका आणि अग्निशमन दलाने या कुलपांकडे एकदा बघावं म्हणून हे लिहितोय, जमल्यास छापा. तोवर आमचं असं चाललंय की वॉचमन नऊ पन्नासला चहाला जातो आणि मी नऊ अठ्ठेचाळीसला पोचतो, ट्रेन दोन मिनिटं लेट झाली की त्या दिवशी लिफ्ट.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)