रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र : दुसरे इंजिन तरी कापू नका

माननीय रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, लोंढा, रायबाग या पट्ट्यातले आम्ही काही रेल्वेप्रेमी हे पत्र लिहीत आहोत. भंगारात काढलेल्या दोन डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिनांपैकी एक आमच्या भागात जतन करू, असा शब्द आम्हाला देण्यात आला होता. गेल्या आठवड्यात त्यांतले एक गॅसकटरने कापले गेले. दुसरे त्याच यार्डात उभे आहे. त्याच्या चिमणीवर झाकण नाही आणि इकडे वळीव सुरू झाला आहे.

तारा आल्या, विजेची इंजिने आली, याबद्दल आमची तक्रार नाही. डिझेल महाग आहे, धूर वाईट आहे, हे आम्हालाही समजते. पण जे इंजिन तीन-चार दशके या देशाच्या मेलगाड्या आणि मालगाड्या ओढत होते, त्याचा एकही नमुना मिरज ते लोंढा या मार्गावर उभा राहू नये, हे आम्हाला मान्य नाही.

हे इंजिन म्हणजे काय, ते आधी सांगू द्या, कारण कागदावर ते फक्त टनांत मोजलेले दिसते. अमेरिकेतल्या आल्को कंपनीची पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिने १९६२ मध्ये भारतात आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, व्ही आकाराची मांडणी, सिलिंडरचा व्यास ९ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेदहा इंच, ताकद २६०० अश्वशक्ती. अमेरिकेत आल्कोने १९६९ मध्ये इंजिने बनवणे बंद केले. आपण त्याच आराखड्यावर काम करत राहिलो, सुधारणा करत ३ए ची ताकद ३१०० वर आणि ३डी ची ३३०० वर नेली. मूळ कंपनी संपल्यावर तिचे यंत्र इतकी वर्षे जिवंत ठेवणारे फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन आपल्याच इंजिन-दुरुस्ती शेडमधले होते. ते आता निवृत्त होत आहेत.

आमच्या मार्गावर मीटरगेज होते तेव्हा याच घराण्यातले सहा सिलिंडरचे धाकटे भावंड, वायडीएम-४, गाड्या ओढत असे. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाले आणि मोठी आल्को लोंढ्याला आली. कॅसलरॉक ते कुळे हा गोव्याकडे उतरणारा सुमारे २६ किलोमीटरचा घाट, चढ ३७ ला १. उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी धरली तर ब्रेकब्लॉक आणि चाके लाल होतात. म्हणून डायनॅमिक ब्रेक लावतात : चाके फिरवणाऱ्या सहाही ट्रॅक्शन मोटारी उलट जनरेटर बनतात, तयार झालेली वीज छताखालच्या ग्रीडमध्ये (रोधक पट्ट्यांमध्ये) उष्णता होऊन जाते आणि ती ग्रीड थंड ठेवायला ब्लोअर ओरडू लागतो. घाटातल्या माणसाला गाडी दिसण्याआधी तो ब्लोअर ऐकू येत असे.

आणि धूर. आल्को म्हटले की लोकांना काळा धूर आठवतो, त्यामागचे कारण मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ड्रायव्हर नॉच (इंजिनाच्या जोराची पायरी) वाढवतो तेव्हा गव्हर्नर (वेग सांभाळणारे यंत्र) लगेच जास्त डिझेल सोडतो, पण टर्बोला (सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याला) वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून अर्धवट जळलेले कार्बन चिमणीतून बाहेर पडते. टर्बोने वेग धरला की तोच धूर विरळ होऊन नुसती गरम हवा थरथरताना दिसते. सायडिंगला तासन्तास बिनभार फिरत राहिलेल्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये तेल साचते आणि पुढे जोर लावला की चिमणीतून ठिणग्या, कधी ज्वाळाही निघतात. फिटर लोक धुराच्या रंगावरून आजार ओळखत : काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल फवारणारे नोझल खराब, निळसर म्हणजे रिंगा किंवा टर्बोच्या सीलमधून तेल जात आहे, पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेले डिझेल. हे ज्ञान पुस्तिकेपेक्षा हातांत आहे, आणि हात निघून चालले आहेत.

आता मुद्द्याचे. इंजिन जतन करणे म्हणजे त्याला रंग फासून चौथऱ्यावर ठेवणे नव्हे. अशी रंगवलेली इंजिने दहा वर्षांत आतून कुजतात, आणि त्याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण उघडी चिमणी. पावसाचे पाणी टर्बोमधून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये उतरते, झडप उघडी असलेल्या सिलिंडरमध्ये साचते, लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) गंज चढतो. मग कोणी उत्साहाने इंजिन फिरवले तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजिन चालू करण्याआधी डीकॉम्प्रेशन प्लग (सिलिंडरची बुचे) उघडून, हाताने बारिंग करून (क्रँकशाफ्ट सावकाश फिरवून), पाणी निघते का ते पाहायचे असते. दुसरे कारण थंडाव्याचे पाणी. ते ब्लॉक, रेडिएटर, आफ्टरकूलर आणि तेलाच्या कूलरमधून पूर्ण काढून कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवायला हवे, नाहीतर लायनरच्या रबरी रिंगा सुटतात आणि पाणी खाली क्रँककेसमध्ये जाते. तिसरे, बॅटऱ्या. त्या काढून ठेवायच्या, कारण ॲसिड पाझरून खालचा पत्रा खाऊन टाकते. चौथे कारण कोणाच्याच लक्षात येत नाही : रोलर बेअरिंग. सुमारे ११३ टन वजन वर्षानुवर्षे त्याच रोलरांवर बसले की तिथे खळगा पडतो. १०९२ मिलिमीटर व्यासाचे चाक अर्धा फेरा फिरवायला इंजिन जेमतेम पावणेदोन मीटर सरकवावे लागते. तीन महिन्यांतून एकदा एवढे केले तरी पुरे.

महिन्यातून एकदा तेल फिरवून घेऊन हाताने बारिंग, पावसाळ्यानंतर मोटारींच्या वाइंडिंगचे मेगर (विजेच्या आवरणाची चाचणी), छताच्या पन्हळी साफ, केबलच्या पेट्यांत उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी. चौथरा करायचाच असेल तर रुळांखाली खडी ठेवा. चाकांभोवती काँक्रीट ओतले की पाणी तुंबते आणि चाक खालून गंजून जाते. इंजिनाची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे २५ मीटर रूळ आणि वर पत्र्याची उघडी शेड एवढीच जागा लागते. एवढी जागा बेळगाव, खानापूर, लोंढा यांपैकी एकाही स्थानकाजवळ मिळणार नाही का?

आमची खरी मागणी मात्र चालत्या इंजिनाची आहे. त्यासाठी सुटे भाग आत्ताच बाजूला काढावे लागतील, कारण एकदा शेडमधला आल्कोचा साठा लिलावात गेला की एक नोझलही मिळणार नाही. किमान यादी अशी : एक पूर्ण टर्बो, चार सिलिंडर हेड, सोळा सिलिंडरांच्या पिस्टन रिंगा, सोळा नोझल, चार फ्युएल इंजेक्शन पंप, एक पाण्याचा पंप, एक तेलाचा पंप, गॅस्केटचे दोन पूर्ण संच, एक राखीव गव्हर्नर आणि एक ट्रॅक्शन मोटार. हे सगळे त्या कापलेल्या इंजिनातून मिळाले असते. एक चालवायला आणि एक सुट्या भागांसाठी, अशी दोन इंजिने आम्ही त्यासाठीच मागितली होती. लेखी मागितली होती.

भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला तरी ११३ टनांचे सुमारे चौतीस लाख होतात. चौतीस लाखांसाठी हे केले? २०२३ मध्ये आमच्या बेळगाव स्थानकाचे नूतनीकरण झाले, लोंढा-बेळगाव-घटप्रभा मार्गाचे दुपदरीकरण झाले, त्यावर शेकडो कोटी खर्च झाले. त्या कोट्यवधींत एका इंजिनाला जागा नव्हती?

उत्तर कोणाकडे मागायचे तेही आम्हाला कळत नाही. एका कार्यालयाने सांगितले, हा विषय आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने सांगितले, यादी वरून येते. तिसऱ्या ठिकाणी अर्जावर शिक्का मारून मिळाला आणि तिथेच तो थांबला. मिरजेपर्यंत मध्य रेल्वे, पुढे नैऋत्य रेल्वे. मराठीत लिहिले तर एकीकडे अडते, कानडीत लिहिले तर दुसरीकडे.

मंत्रिमहोदय, हे फक्त इंजिनापुरते नाही. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने हा मार्ग बांधला. तिच्या नावातच आमचा मुलूख होता. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळली, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे झाली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य आणि २००३ मध्ये नैऋत्य. १९५६ मध्ये आमचे राज्य बदलले, २०१४ मध्ये गावाचे सरकारी नाव बदलले. प्रत्येक वेळी निर्णय दुसरीकडे झाला आणि आम्हाला नंतर कळवण्यात आला. आम्ही सीमेवरचे आहोत, म्हणजे दोन्हीकडच्या नकाशात कडेचे आहोत. काठावर काय ठेवायचे आणि काय टाकून द्यायचे हे ठरवताना काठावर राहणाऱ्याला एकदाही विचारू नये, याचा आम्हाला राग आहे आणि तो आम्ही लपवत नाही. हुबळीत २०२० मध्ये रेल्वे संग्रहालय झाले, आनंद आहे. पण देसूर, इदलहोंड, गुंजीच्या पोरांनी ज्या आवाजावर घड्याळ लावले, तो आवाज त्यांच्याच जिल्ह्यात राहावा, एवढी मागणी जास्त आहे का? इंजिनाशेजारची माहिती कानडी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी चारही भाषांत असावी, हेही आम्ही अर्जात लिहिले होते.

दुसऱ्या इंजिनाची कापणी थांबवण्याचा लेखी आदेश काढा. वर दिलेल्या यादीतले भाग लिलावातून वगळा. निवृत्त होणाऱ्या चार-पाच आल्को फिटरांना मानधनावर वर्षभर नेमून तरुणांना काम शिकवायला लावा. आमच्यातले जे यार्डात जाऊन काम करू शकतात ते सुट्टीच्या दिवशी बिनमोबदला येतील.

आदेश निघायला वेळ लागेल, हे आम्हाला ठाऊक आहे. तोपर्यंत एक काम आजच सांगा. दोन फूट बाय दोन फुटांचा पत्रा आणि थोडी तार घेऊन एका माणसाला त्या इंजिनाच्या छतावर चढवा आणि चिमणीचे तोंड बंद करून घ्या. काल संध्याकाळी इकडे पाऊण तास पाऊस पडला.

आपले,
बेळगाव-खानापूर-लोंढा परिसरातील रेल्वेप्रेमी