‘जिवलग मैत्रीण’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,

समलिंगी आणि पारलिंगी कलावंत-शास्त्रज्ञांवरच्या पुरवण्या आता जूनमध्ये हटकून निघतात. मजकूर बरा असतो, घोळ होतो तो फोटोओळीत. चित्रकार रोझा बॉनर आणि नाताली मिका ४०हून अधिक वर्षे एका घरात राहिल्या, आज पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत एकाच थडग्यात आहेत. छापून येते मात्र ‘जिवलग मैत्रीण’. त्यांच्या नात्याला काय म्हणावे यावर अभ्यासकांचे एकमत नाही, तेव्हा शिक्का मारू नका. पण घर आणि थडगे तरी ओळीत येऊ द्या.

याच्या उलट चूक लिओनार्दोबाबत होते. फ्लॉरेन्समधल्या १४७६च्या, समलिंगी संबंधांच्या निनावी तक्रारीवर त्याला यादीत बसवतात. ती पुढे फेटाळली गेली, हे कोणी लिहीत नाही.

मायकेलअँजेलोचा पुरावा मात्र त्याच्याच हातचा आहे. तोमासो दे काव्हालिएरी या तरुण रोमन उमरावासाठी त्याने कविता लिहिल्या. १६२३मध्ये पुतण्याच्या मुलाने त्या छापल्या, तेव्हा पुल्लिंगी सर्वनामे स्त्रीलिंगी करून टाकली. हस्तलिखितांवरून मूळ पाठ चेझारे ग्वास्ती या अभ्यासकाने काढला तो १८६३मध्ये. म्हणजे २४० वर्षे लोक भलत्याच कविता वाचत होते! त्यामुळे ओळी उद्धृत करण्याआधी अनुवाद कोणत्या पाठावरून केला आहे ते बघावे. जुन्या पाठातली ‘ती’ आणि शेजारी तोमासोचे नाव, असे छापले की वाचकाला काहीच उलगडत नाही.

मराठीत ही अडचण आणखी वाढते. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही. आपल्याकडे ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. शेक्सपिअरची पहिली १२६ सुनीते सर्वसाधारणपणे एका तरुणाला उद्देशून मानतात, आणि १६४०मध्ये बेन्सन या प्रकाशकाने काढलेल्या आवृत्तीत त्यांतल्या काही ‘तो’ची ‘ती’ झाली. अठरावे सुनीत मात्र लिंगाबद्दल गप्प आहे. तिथे ‘देखणी’ लिहिले की अनुवादकाने परस्पर निकाल देऊन टाकला. ‘सुंदर’ लिहावे, ते दोघांनाही चालते.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या बाबतीत घोटाळा एका शब्दाचा आहे. समलिंगी संबंधांबद्दल त्याला झालेल्या शिक्षेसाठी २००९मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३मध्ये राणीने माफी दिली. दोन्हीकडे नुसते ‘माफी’ लिहिल्यामुळे साल हमखास चुकते. पहिल्याला दिलगिरी, दुसऱ्याला क्षमादान म्हटले की प्रश्न मिटतो. त्याच्या उशाशी सापडलेल्या सफरचंदाची सायनाइडसाठी तपासणी झालीच नव्हती. ‘विषारी सफरचंद खाऊन’ हे शब्द काढून ‘सायनाइडने मृत्यू, ७ जून १९५४’ एवढेच छापावे.

– एक वाचक