बस येतील, पण त्या चालवून घेणाऱ्यांच्या शिक्षणाचे काय?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

'पीएम ई-बस सेवा' योजनेतून नागपूर, कोल्हापूर, सोलापूर अशा शहरांना इलेक्ट्रिक बस मिळणार, या बातम्या वाचून बरे वाटते. केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केलेल्या या योजनेत देशभरासाठी 10,000 बस आहेत. डेपो, चार्जिंग, दर किलोमीटरमागे अनुदान, सगळ्याची चर्चा होते. या बस ज्यांच्या भरवशावर धावणार त्या डेपो मॅनेजरला, वाहतूक अधिकाऱ्याला आणि परिवहन व्यवस्थापकाला हे काम कोण शिकवणार, याबद्दल मात्र कोणी बोलताना दिसत नाही.

मी शहर बसच्या वाहतूक विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे. डेपोचा ताबा मिळाला तेव्हा माझ्या हातात गैरहजेरीचे रजिस्टर आले आणि 'सांभाळून घ्या' एवढी सूचना. वेळापत्रक कसे बांधायचे, गाड्या कमी पडल्या तर काय करायचे, हे जे थोडेफार कळले ते एका जुन्या टाइमकीपरच्या, म्हणजे गाड्यांच्या वेळांची नोंद ठेवणाऱ्याच्या, शेजारी बसून. ते गृहस्थ नसते तर माझ्या हाताखालच्या मार्गांवरील प्रवाशांचे काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो.

पहाटे पाचला कुठल्याही डेपोत जाऊन बघा. काही चालक-वाहक आलेले नसतात, एक-दोन गाड्या ब्रेकडाउनमुळे ऑफरोड, म्हणजे डेपोतच उभ्या असतात. आज काही शेड्यूल, म्हणजे एकेका गाडीला नेमून दिलेल्या फेऱ्या, निघणार नाहीत, हे तेव्हाच ठरलेले असते. कोणती रद्द करायची, एवढाच प्रश्न. शिकवलेले नसेल तर ज्याचा चालक आला नाही तेच शेड्यूल रद्द होते. ते नेमके तासाला एक फेरी असलेल्या गावाकडचे निघाले, की पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायका आणि कॉलेजची मुले तासभर थांब्यावर उभी. त्याऐवजी दर पाच मिनिटांनी गाडी असलेल्या मार्गावरचा एक चालक तिकडे दिला, तर त्या गर्दीच्या मार्गावर कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन मिनिटांत घ्यायचा निर्णय, पण तो घेणाऱ्याला आपले मार्ग, त्यावरचे प्रवासी आणि प्रत्येक फेरीचे महत्त्व माहीत असावे लागते.

दुसरी गोष्ट प्रत्येक प्रवाशाच्या अनुभवातली. अर्धा तास बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन एकामागोमाग. लोक चालकाला बोलतात. वास्तविक यात चालकाचा दोष फार थोडा. एक गाडी सिग्नलला किंवा गर्दीत अडकली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमतात, चढ-उताराला जास्त वेळ जातो, ती आणखी मागे पडते. तिच्यामागची गाडी मात्र रिकाम्या थांब्यांवरून भराभर येऊन तिला गाठते. मधल्या एखाद्या ठिकाणी मागच्या गाडीला चार मिनिटे थांबवणे, हा यावरचा उपाय. त्यासाठी मार्गावरच्या गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रकाला तसा अधिकार हवा आणि वेळापत्रकात तेवढी मोकळीक. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या फेरीला सारखाच वेळ दिलेला असेल, तर ही मोकळीक येणार कुठून? आता बसमध्ये जीपीएस आहे, तिकिटाच्या मशीनमधून दर थांब्याचा हिशेब मिळतो. ही सगळी माहिती वाचून वेळापत्रक सुधारणारा माणूस शहर बस चालवणाऱ्या प्रत्येक परिवहन उपक्रमात तयार व्हायला हवा.

नव्या पद्धतीत तर ही गरज दुप्पट झाली आहे. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, आणि पालिकेने किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे. अशा करारात किमान किलोमीटरची हमी दिलेली असते. तेवढे काम नीट आखून दिले नाही, तर न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे द्यावे लागण्याची वेळ येते. उलट चुकलेल्या फेऱ्यांचा, अस्वच्छ किंवा नादुरुस्त गाड्यांचा दंड लावायचा तर रोजची नोंद हवी. करारातील कलमे वाचता येणारा आणि तीन महिने आधी धोका ओळखणारा अधिकारी नसेल, तर कंत्राटदाराने पगार थकवल्यावर संप होतो आणि शहर जागच्या जागी थांबते. नाशिकच्या सिटीलिंक या शहर बससेवेने हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बसचा अपघात झाला, निरपराध माणसे गेली. त्यानंतर चालकाला किती प्रशिक्षण मिळाले होते याची खूप चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण गिअरच्या गाडीवरून ऑटोमॅटिक गाडीवर येणाऱ्या चालकाला किती दिवस शिकवायचे हे करारात लिहिणारा, आणि तसे शिकवले गेले की नाही हे डेपोत जाऊन तपासणारा अधिकारीसुद्धा या कामात तयार झालेला असावा लागतो.

आणि हे शिकायला कुठे लांब जायला नको. भोसरीला पुणे-नाशिक रस्त्यावर सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था 1967 पासून आहे. केंद्र सरकार आणि राज्यांच्या परिवहन महामंडळांची संघटना यांनी मिळून ती उभी केली, आणि परिवहन अधिकाऱ्यांना शिकवणे हे तिचे मूळ कामच आहे. अमेरिकेने 1991 च्या कायद्यातून सार्वजनिक वाहतुकीतल्या लोकांसाठी नॅशनल ट्रान्झिट इन्स्टिट्यूट सुरू केली. आपल्याकडे ही सोय तिच्याही कितीतरी आधी झाली, याचा मला अभिमान वाटतो. दुःख याचे, की आपल्या पालिकांमध्ये परिवहनाचे काम अनेकदा दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून जाते, आणि त्याला आठवडाभरही तिथे पाठवायला कोणी तयार नसते.

शिकलेला माणूस टिकायलाही हवा. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ सांगितला आहे. तरीही पुण्याची शहर बस चालवणाऱ्या पीएमपीच्या प्रमुखपदी 2017 मध्ये आलेले तुकाराम मुंढे फेब्रुवारी 2018 मध्ये बदलून गेले. त्यांच्या निर्णयांबद्दल पुणेकरांची दोन मते असू शकतात. पण बसचे सगळे मार्ग नव्याने आखायचे तर वर्षभर नुसते समजून घेण्यात जाते, आणि वर्षही पुरे व्हायच्या आत माणूस गेला तर सुरुवात पुन्हा पहिल्यापासून.

राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे. डेपो मॅनेजर किंवा परिवहन व्यवस्थापक म्हणून नेमणूक होण्याआधी भोसरीसारख्या संस्थेतला अभ्यासक्रम आणि एखाद्या चालू डेपोत तीन महिन्यांची शिकाऊ उमेदवारी सक्तीची करावी. परिवहन उपक्रमाच्या प्रमुखाला तीन वर्षे हलवू नये. आणि पालिका दरवर्षी संचलन तूट, म्हणजे बस चालवण्यातला तोटा, भरून काढायला जी रक्कम देतात, तिच्यातला ठरावीक वाटा प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. त्या वाट्यातून टाइमकीपर आणि मार्गावर तपासणी करणारे लाइन चेकर यांनाही शिकवावे, कारण उद्याचे डेपो मॅनेजर त्यांच्यातूनच येतात. ई-बस मिळणाऱ्या शहरांनी पहिली गाडी रस्त्यावर येण्याआधी आपले अधिकारी भोसरीला पाठवले, तरी सुरुवात झाली.

आपला,
एक निवृत्त वाहतूक अधिकारी, पुणे