मशीन नसताना नर्व्ह तपासताना

नागपूर

प्रिय अजित,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ग्रामीण रुग्णालयात ईएमजीची, म्हणजे नर्व्ह आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीची, सोय नाही, जिल्ह्याला पाठवलं तर लांबची तारीख मिळते, तोवर लटकलेल्या मनगटाचं आणि घसटणाऱ्या पावलाचं काय करायचं, असं तू विचारलं आहेस. आधी एक दिलासा देतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते मशीन तुझ्या टेबलावर असतं तरी फारसं कामाला आलं नसतं. तुटलेल्या नर्व्हचं खालचं टोक काही दिवस विद्युतलहर नीट वाहून नेतं, आणि स्नायूचा पुरवठा तुटल्याची खूण, म्हणजे फिब्रिलेशन, दिसायला दोन ते तीन आठवडे जातात. पाचव्या दिवशी आलेल्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबून रुग्णाला घरी पाठवणारे डॉक्टर कमी नाहीत.

इजा कुठे आहे हे हाताने शोधता येतं. नर्व्हमधून स्नायूंकडे फांद्या ठरलेल्या क्रमाने फुटतात, कालव्याला चाऱ्या फुटतात तशा. कोणत्या चारीपर्यंत पाणी पोचतं आणि कुठून पुढे कोरडं आहे, हे कळलं की फूट सापडली. म्हणून हात-पाय ‘सगळे तपासले’ असं मोघम न लिहिता एकेक नर्व्ह वरून खाली तपास. स्नायू आकुंचन पावताना त्याच्यावर बोट ठेव. हालचाल डोळ्यांना फसवते, बोटाखाली घट्ट होणारा स्नायू फसवत नाही. ताकद ० ते ५ मध्ये लिही. ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, २ म्हणजे तेवढीच हालचाल आडवी, वजन काढून घेतल्यावर, आणि १ म्हणजे नुसती फुरफुर. ४ हा आकडा फार ढिसाळ आहे, त्यात थोडं कमजोर आणि बरंच कमजोर दोन्ही बसतात. दुसऱ्या बाजूशी तुलना करून शब्दांत लिहिलेलं मला जास्त उपयोगी वाटतं.

रिस्ट ड्रॉप, म्हणजे लटकलेलं मनगट, तुझ्याकडे सर्वांत जास्त येणार. रेडियल नर्व्ह दंडाच्या हाडामागच्या खोबणीत हाडाला चिकटून जाते, त्यामुळे दंडाच्या फ्रॅक्चरमध्ये आणि दारूच्या नशेत हात खुर्चीच्या पाठीवर टाकून झोपल्यावर तीच सापडते. आधी ट्रायसेप्स, म्हणजे कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू, बघ. त्याच्या फांद्या बहुतेक खोबणीच्या वर निघतात, म्हणून तो शाबूत असेल तर इजा खोबणीत किंवा खाली. तोही गेला असेल तर काखेत शोध, आणि कुबडी वापरतोस का ते विचार. मग ब्रॅकिओरेडिआलिस. कोपर ९० अंशांत वाकवून, अंगठा वर ठेवून, रुग्णाला हात आणखी वाकवायला सांग आणि तू विरोध कर. पुढच्या बाजूला दोरीसारखा उठतो तो हाच. तो आणि मनगट उचलणारा लांब स्नायू चांगले आहेत, मनगट अंगठ्याच्या बाजूला तिरपं वर येतं, बोटं मात्र मुळाशी सरळ होत नाहीत आणि बधिरता अजिबात नाही, असं असेल तर ती कोपराखाली रेडियलच्या पोस्टिरिअर इंटरॉसिअस शाखेची इजा.

बोटं सरळ होतात का हे पाहताना एक घोटाळा हमखास होतो. बोटांचे पुढचे सांधे अल्नर आणि मिडियन या हाताच्या दुसऱ्या दोन नर्व्हकडचे लहान स्नायूसुद्धा सरळ करतात. म्हणून फक्त मुळाचा सांधा बघ. उलट प्रकारही होतो. मनगट लटकलेलं असताना पकड आणि बोटं फाकवणं दोन्ही कमजोर वाटतात आणि नवखा डॉक्टर तिन्ही नर्व्ह गेल्या असं लिहितो. तळहात टेबलावर सपाट टेकव आणि मग बोटं फाकवायला सांग, बहुधा पूर्ण ताकद निघेल. मानेतून निघणारं सी-७ हे नर्व्हचं मूळ दबलं असेल तर ट्रायसेप्ससोबत मनगट वाकवणंही कमजोर होतं आणि ब्रॅकिओरेडिआलिस वाचतो. हे रेडियलच्या इजेच्या अगदी उलट आहे.

बंद फ्रॅक्चरसोबतची रेडियल पाल्सी, म्हणजे या नर्व्हचा लकवा, बहुतेक वेळा आपोआप सुधारते, म्हणून लगेच चाकू लावायची घाई नसते. उघड्या जखमेतलं फ्रॅक्चर असेल तर नर्व्ह बघायलाच हवी. वाट पाहताना मनगट २० ते ३० अंश वर राहील असा कॉक-अप स्प्लिंट दे आणि बोटांचे सांधे रोज हलवायला लाव. आखडलेल्या सांध्यावर नर्व्ह परत आली तरी उपयोग होत नाही.

आता कापलेलं मनगट. विळा, काच, पत्रा. जखम दीड सेंटिमीटरची दिसते आणि आत मिडियन नर्व्ह पूर्ण तुटलेली असते. भुलेचं इंजेक्शन देण्याआधी तपास, हे परिचारिकेलाही सांगून ठेव, कारण नंतरची बधिरता औषधाची की इजेची हे सांगता येत नाही. मिडियनसाठी तर्जनीचं टोक, अल्नरसाठी करंगळीचं टोक, या दोन जागांत शेजारच्या नर्व्हची सरमिसळ जवळजवळ नसते. बोटं वाकतात म्हणून नर्व्ह शाबूत, हे समजू नको. बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या फांद्या मनगटाच्या फार वर निघालेल्या असतात. मिडियनसाठी हात उताणा ठेवून अंगठा छताकडे सरळ उचलायला सांग आणि अंगठ्याच्या उंचवट्याच्या बाहेरच्या कडेवर बोट ठेव. अल्नरसाठी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कागद धरायला देऊन ओढ. अंगठ्याचं टोक वाकवून कागद धरला तर अंगठा जवळ ओढणारा अॅडक्टर स्नायू गेलेला आहे आणि मिडियनचा स्नायू त्याची उणीव भरतो आहे. ही फ्रोमेंची खूण. हाताच्या मागे करंगळीकडची त्वचाही बधिर असेल तर अल्नरची इजा मनगटाच्या वर आहे, कारण मागच्या त्वचेची फांदी मनगटाच्या काही सेंटिमीटर वरच निघते.

अशा जखमेत रक्त उडत असेल तर न दिसता चिमटा मारू नकोस. अल्नर धमनी आणि अल्नर नर्व्ह शेजारी-शेजारी असतात, चिमट्यात दोन्ही येतात. दाबून धर, हात उंच कर. धारदार जखम आणि त्याखाली बधिरता म्हणजे नर्व्ह तुटली असंच धरून चाल आणि सर्जनकडे त्याच दिवशी पाठव.

लहान मुलं टाचणीला रडतात, उत्तर देत नाहीत. त्यांच्यासाठी हात कोमट, साधारण ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडव. पुरवठा तुटलेली त्वचा सुरकुतत नाही. पाणी आधी स्वतःच्या हाताने तपास, बधिर कातडी भाजली तरी मूल ओरडणार नाही. कोपराजवळचं सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर असेल तर खेळच लाव. मूठ म्हणजे मिडियन, उघडा पंजा म्हणजे रेडियल, कात्री म्हणजे अल्नर, आणि अंगठा-तर्जनीचा गोल म्हणजे मिडियनची अँटिरिअर इंटरॉसिअस शाखा. हा शेवटचा गोल विसरला जातो, आणि या फ्रॅक्चरमध्ये तीच शाखा सर्वांत जास्त सापडते. गोलाऐवजी चपटी चिमटी झाली की समज.

फूट ड्रॉपमध्ये, म्हणजे घसटणाऱ्या पावलात, सगळा निकाल एका हालचालीवर आहे. पाऊल आधी तुझ्या हाताने ९० अंशांत धर, मग आत वळवायला सांग. खाली लटकलेल्या पावलाला आत वळायची ताकद खोटी कमी दिसते. आत वळणं चांगलं आणि बाहेर वळणं गेलेलं असेल तर कॉमन पेरोनिअल नर्व्ह, गुडघ्याखाली फिब्युला या बाहेरच्या हाडाच्या मानेपाशी. आत वळणंही कमजोर असेल आणि रुग्णाला कुशीवर निजवल्यावर मांडी वर उचलताना ताकद कमी पडत असेल, तर पाठीतलं एल-५ मूळ. टाचेचा झटका (टाचेमागे हातोडी मारल्यावर पाऊल हलणं) गेला असेल तर सायाटिक, म्हणजे कुल्ल्यातून पायात उतरणारी मोठी नर्व्ह, आठव आणि कुल्ल्यात इंजेक्शन घेतलं होतं का हे विचार. त्या वेळी पायात वीज उतरल्यासारखी कळ गेली असं रुग्ण बहुधा स्वतःच सांगतो. तुझ्या सिस्टरना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात इंजेक्शन द्यायला शिकव, विशेषतः लहान मुलांत. पेरोनिअलसाठी शेतकामात तासन् तास उकिडवं बसणं, मांडीवर मांडी घालायची सवय, आजारपणात झपाट्याने घटलेलं वजन आणि गुडघ्याखाली काचणारं प्लास्टर, हे चार प्रश्न पुरतात.

पण तू गडचिरोलीत आहेस, म्हणून फिब्युलाच्या मानेवर बोट ठेवल्याशिवाय फूट ड्रॉप संपवू नको. त्या जागी जाड, दुखरी नर्व्ह लागली तर कुष्ठरोग. कोपराच्या आतल्या हाडाच्या वर अल्नर, मानेच्या बाजूला ग्रेट ऑरिक्युलर, घोट्यामागे पोस्टिरिअर टिबिअल, हे दोन्ही बाजूंनी चाचपून बघ, आणि चाचपताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेव. झटके शाबूत आणि त्वचा बधिर, हे चित्र मधुमेहाच्या न्यूरोपॅथीत सहसा दिसत नाही. ताकद किंवा स्पर्श गेल्याला सहा महिने झाले नसतील तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने परत येण्याची आशा असते. दिवसाला किलोमागे १ मिलीग्रॅमने सुरुवात, पुढे आठवड्यांच्या टप्प्यांनी कमी करत. आधी साखर, रक्तदाब आणि क्षयाचा खोकला बघ, जंतांची गोळी दे. दुखत नाही म्हणून थांबू नको. न दुखता जाणारी नर्व्हच जास्त हात वाकडे करते.

किती थांबायचं, याचा हिशेब साधा आहे. नर्व्ह दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. खोबणीपासून ब्रॅकिओरेडिआलिस साधारण १० सेंटिमीटर, म्हणून साडेतीन महिन्यांत तिथे फुरफुर दिसायला हवी. तीन-चार महिन्यांत काहीच नाही तर पुढे पाठव. पुरवठा तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कामातून जातो. कोपरात तुटलेली अल्नर पंज्यापर्यंत पोचायला दहा-अकरा महिने लागतात, म्हणून पंज्याचे लहान स्नायू मोठ्या माणसात पूर्ण परत येत नाहीत. रुग्णाला हे आधीच सांग. आणि हेही सांग की कोपरातली अल्नर सुधारू लागली की पंजा आधीपेक्षा जास्त नख्यांसारखा वळेल. बोटं वाकवणारा स्नायू आधी परत येतो, लहान स्नायू मागे राहतात, म्हणून हे होतं. सांगितलं नसेल तर तो बिघडलं समजून उपचार सोडतो.

रेफरच्या चिठ्ठीत इजेची तारीख, पहिल्या दिवशीची ताकद स्नायूच्या नावासह, आणि टिनेलची (नर्व्हवर टिचकी मारल्यावर मुंग्या येतात ती) जागा हाडाच्या खुणेपासून सेंटिमीटरमध्ये लिही. टिकटिक खालून वर मारत ये, मुंग्या जिथे सुरू होतात तिथे पेनाने खूण कर. पुढच्या महिन्यात ती खूण खाली सरकलेली असेल तर ऑपरेशनवाले थोडं थांबायला तयार होतात.

मोनोफिलामेंटचा, म्हणजे स्पर्श तपासायच्या नायलॉन तंतूंचा, एक संच वेगळ्या पाकिटाने पाठवतो आहे. वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद