मातीत बोट घालून बघ

मुलुंड, मे महिना

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

टोमॅटोची सहा रोपं आणलीस एवढं काल फोनवर सांगितलंस आणि तेवढ्यात तुझी बस आली. राहिलेलं बोलणं लिहून कळवते. टोरांटोत तीन दिवस ऊन पडलं म्हणून रोपं लगेच जमिनीत लावू नकोस गं. शेजारच्या आजी सांगतात ना, व्हिक्टोरिया डेचा, म्हणजे मेमधल्या तुमच्या त्या सुट्टीचा, सोमवार जाऊ दे म्हणून? त्यांचं ऐक. एका रात्री पारा शून्याखाली उतरला की टोमॅटोची पानं उकडल्यासारखी काळी पडतात, मग सकाळी कितीही ऊन येवो.

ही घाई मी केलेली आहे. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून. 2025 साली तो 26 मेलाच आला. 1950 पासून इतका लवकर कधी आला नव्हता. मी हरखून गेले आणि दोनच दिवसांत इमारतीमागच्या पट्टीत दोडक्याच्या बारा बिया टोचल्या. आठवड्याच्या आत कोंब वर आले, बियांची काळी टरफलं डोक्यावर घेऊन. आणि पाऊस जो गेला तो जवळजवळ दोन आठवडे फिरकला नाही. भर दुपारी ती दोन-दोन पानांची पोरं माना टाकायची. तांदूळ धुतलेलं पाणी वाटीवाटीने घालत होते. बारातले दोन वेल जगले. अजून त्या जागेवरून जाताना वाईट वाटतं.

तुझी आजी गावी भाताची धूळवाफ पेरणी करायची, पावसाच्या आधी, कोरड्या मातीत. तिला ते साधायचं, कारण कोरडं बी मातीत पडून वाट बघतं. एकदा मोड फुटला की त्याला थांबता येत नाही. तुझी रोपं तर केव्हाच फुटलेली आहेत.

परवा इथे वळीव झाला. विजा, वारा, दहा मिनिटांचा धिंगाणा. सगळे म्हणाले, चला, आता लावा. मी मागे जाऊन मातीत बोट घातलं. एका पेरापुरती ओल, आणि खाली गरम, कोरडी माती. नखात नुसती भुकटी आली. तशीच परत आले.

तूही असंच कर. सकाळी, ऊन चढायच्या आत, बोट पुरतं मातीत घाल. बोट गारठलं तर मुळंही गारठणार. रात्रीचं तापमान आठवडाभर दहाच्या वर राहिलं की बिनधास्त लाव. तोवर रोपं दिवसा बाहेर काढत जा, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त, आणि रात्री आठवणीने आत घे. आठ-दहा दिवसांत त्यांना बाहेरची हवा सोसायला लागेल.

मी शेणखत मिसळून ठेवलंय, मांडवाच्या सुतळ्याही बदलल्या. तू वाळवून ठेवलेल्या पडवळाच्या बिया डब्यात आहेत. मृगात पाऊस सलग दोन-तीन दिवस पडला की रात्री भिजत घालीन.

तिकडचं रात्रीचं तापमान मला रोज कळवत जा. निजताना तुझी ती सहा रोपं डोळ्यांसमोर येतात.

तुझी,
आई